संसदीय समित्यांची वाटचाल : मावळंगे ते दिल्ली

संगमेश्वर तालुक्यातील मावळंगे हे मावळणकर घराण्याचे मूळ गाव. या घराण्यातील गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळणकरांची कर्मभूमी अहमदाबाद; पण संसदेच्या समित्यांना जे वळण लागले, ते मुख्यतः त्यांच्या हातचे.

लोकलेखा समिती १९२१ पासूनची. तिचे अध्यक्षपद मात्र दीर्घकाळ सरकारच्या अर्थखात्याकडेच होते. म्हणजे खर्च करणाराच हिशेब तपासणारा. मावळणकर जानेवारी १९४६ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्ष झाले, तेही ६६ विरुद्ध ६३ अशा तीन मतांनी. १९५० मध्ये राज्यघटना आली आणि लोकलेखा समिती सभाध्यक्षांच्या अखत्यारीत गेली. त्याच वर्षी अनंतशयनम अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली अंदाज समिती उभी राहिली. समितीच्या खोलीत पक्ष बाजूला ठेवावा, हा मावळणकरांचा आग्रह.

समितीचे दार बंद असते, ते सदस्यांनी मोकळेपणाने बोलावे म्हणून. साक्षी ऐकून, कागद पाहून माणूस आपले मत बदलू शकतो. ही देवघेव विचारांची, आणि तीच समितीची खरी कमाई. परंतु त्याच दाराआड ‘या मुद्द्यावर तुम्ही आमच्याबरोबर, पुढच्यावर आम्ही तुमच्याबरोबर’ असा मतांचा सौदाही होऊ शकतो. म्हणून बांध घातले गेले. लोकलेखा समितीवरील जागा एकल संक्रमणीय मताने, पक्षांच्या बळाच्या प्रमाणात भरतात. मंत्री सदस्य होऊ शकत नाही. अहवाल शक्यतो एकमताने व्हावा, हा संकेत.

१९५१ मध्ये मुंबईचे सदस्य एच. जी. मुद्गल यांनी सदस्यत्व पैशासाठी वापरल्याचे सभागृहाच्याच समितीने उघड केले आणि त्यांना जावे लागले. फेब्रुवारी १९५६ मध्ये मावळणकर निवर्तले, घडी टिकली. १९६७ पासून लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे गेले. पहिला मान मिनू मसानींचा. १९९३ मध्ये लातूरचे शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष असताना खातेनिहाय सतरा स्थायी समित्या झाल्या, २००४ मध्ये त्या चोवीस झाल्या. न पटलेल्या सदस्याला तेथे भिन्नमतपत्रिका जोडता येते. मत विकण्यापेक्षा वेगळे मत नोंदवणे केव्हाही श्रेयस्कर.

कसोटीचे दिवसही आले. एप्रिल २०११ मध्ये टू-जी स्पेक्ट्रम प्रकरणावरील अहवालाच्या मसुद्यावर लोकलेखा समिती उभी दुभंगली. २१ पैकी ११ सदस्यांनी तो फेटाळला. अध्यक्ष मुरली मनोहर जोशी यांनी धाडलेला अहवाल लोकसभेच्या तत्कालीन अध्यक्ष मीरा कुमार यांनी परत केला. एकमताची परंपरा इतकी उघडी क्वचितच पडली असेल.

मतांचा सौदा रोखण्यातली सर्वांत मोठी उणीव मात्र कायद्याच्या अर्थात होती. राज्यघटनेचे कलम १०५ संसदेत ‘किंवा तिच्या समितीत’ दिलेल्या मताला संरक्षण देते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या नरसिंह राव निकालाने हे कवच लाच घेऊन मत देणाऱ्यालाही मिळाले. ४ मार्च २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने तो निकाल रद्द ठरवला. लाच स्वीकारली, तिथेच गुन्हा पूर्ण होतो. मत सभागृहात दिले की समितीत, याने फरक पडत नाही.