रात्रीचा बाजार : खानदेश व इंदूर

दिवसा एका व्यापाराची असलेली जुनी पेठ रात्री दुसऱ्या विक्रेत्यांच्या हाती जाऊन खाणेपिणे, करमणूक व गाठीभेटी यांचे ठिकाण बनते, तेव्हा तिला रात्रीचा बाजार म्हणतात. मराठी माणसाच्या परिचयातील त्याचे सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्राबाहेरचे, इंदूरच्या सराफ्याचे आहे. धुळे व जळगाव ही खानदेशातील व्यापारी शहरे इंदूरशी इतिहासाने व दळणवळणाने जोडलेली आहेत. तरीही त्यांच्या सराफ पेठा दिवेलागणीनंतर हळूहळू मिटतात. हा फरक का पडला, याचे उत्तर तिन्ही पेठांच्या घडणीत शोधावे लागते.

होळकर घराण्याचा संस्थापक मल्हारराव (१६९३–१७६६) याचे बालपण खानदेशातील तळोदे येथे मामा भोजराज बारगळ याच्याकडे गेले. पुढे खानदेशाचा काही भाग होळकरांच्या ताब्यात होता. महिदपूरच्या लढाईतील (२१ डिसेंबर १८१७) पराभवानंतर मंदसोरच्या तहाने (६ जानेवारी १८१८) सातपुड्याच्या दक्षिणेकडील आपला मुलूख होळकरांना इंग्रजांच्या स्वाधीन करावा लागला. त्याच वर्षी इंदूर ही त्यांची राजधानी झाली. संस्थानी राजधानी आणि इंग्रजी जिल्ह्याचे ठाणे अशा दोन वेगळ्या वाटांनी या शहरांची वाढ तेव्हापासून झाली.

धुळ्याची पेठ सरकारी आखणीतून उभी राहिली. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने १८१९ मध्ये पांझरा नदीकाठचे हे लहानसे गाव खानदेशाचे मुख्य ठाणे म्हणून निवडले. त्या वेळी तेथे ४०१ घरे व २,५०९ लोकसंख्या होती. ब्रिग्जने नव्या पेठेचा आराखडा केला, बाहेरच्या व्यापाऱ्यांस बोलाविले, घरांसाठी जागा बिनसाऱ्याने दिल्या आणि बांधकामासाठी तगाईही दिली. १८७२ साली, म्हणजे पांझरेच्या मोठ्या पुराच्या वर्षी, वस्ती १२,४८९ झाली होती. जुन्या धुळ्यातील सरळ गल्ल्या आजही क्रमांकांनी ओळखल्या जातात. पत्ता विचारणाऱ्यास ‘गल्ली नंबर चार’ असे उत्तर मिळते आणि परगावच्या माणसाला त्याचे नवल वाटते. पेठेचा कणा आग्रा रस्ता हा होय. त्यावरील पाचकंदील या गजबजलेल्या भागाच्या नावातच दिवे आहेत, मात्र त्या दिव्यांखाली रात्रीचा बाजार असा रुजला नाही.

जळगाव हे कापसाने वाढविलेले शहर आहे. १८६० च्या दशकात रेल्वे आली. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) हिंदी कापसास अपूर्व भाव मिळाला व जळगावची पेठ भरभराटीस आली. युद्ध संपताच भाव कोसळून ती तितक्याच वेगाने खाली बसली. त्यातून सावरलेल्या शहराने पुढे सोन्याच्या व्यापारात नाव मिळविले. शुद्ध सोन्यासाठी ‘जळगावचे सोने’ हा बोलीतला दाखलाच झाला. तथापि या पेठेचे गिऱ्हाईक मुख्यतः खेड्यातले आहे. कापूस वा केळी विकून पैसा हाती आला, की घरचे लोक लग्नाचे दागिने करण्यासाठी सकाळच्या गाडीने येतात व दिवस मावळण्यापूर्वी परतीस लागतात. धुळ्याचेही बव्हंशी असेच. मुक्कामास न राहणाऱ्या गिऱ्हाइकासाठी पेठेने रात्र जागण्याचे कारण नव्हते.

इंदूरची गोष्ट वेगळी. तेथील सराफा राजवाड्यालगत आहे. बजाजखाना, मारोठिया, शीतलामाता बाजार, बर्तन बाजार अशा पेठा त्यास खेटून असून छोटा सराफा व बडा सराफा असे त्याचे भाग आहेत. माळव्यातील अफू आणि कापूस यांच्या व्यापारामुळे येथील सावकारी पेढ्या देशभर प्रसिद्ध होत्या. सर सेठ हुकुमचंद (१८७४–१९५९) हे सट्टा व कापूसव्यापार यांतून गिरणीमालक झाले. त्यांनी उभारलेले काचमंदिर येथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. दरबार, पेढ्या आणि कापड गिरण्या यांमुळे इंदुरात मोठी वस्ती कायम नांदत होती. तिचे दिवसाचे काम आटोपल्यावर पाय मोकळे करण्याचे ठिकाण राजवाड्याचा परिसर हेच होते.

सराफ दुकाने बंद करतात ते साधारण आठ-नऊ वाजता. दारे ओढली जाताच त्यांच्याच ओट्यांवर व पुढल्या रस्त्यावर हलवाई शेगड्या मांडतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत, बहुधा दोनपर्यंत, विक्री चालते. परंपरेने याचे कारण असे सांगितले जाते, की रात्रभर माणसांची जाग राहिली तर चोरांपासून पेढ्यांचे आपोआप रक्षण होईल, या हेतूने सराफांनीच खाद्यविक्रेत्यांना बसू दिले. हे कारण खरे धरले तरी पुरेसे नाही. तिजोरीची काळजी जळगावच्या सराफासही होतीच. त्याने राखणदार ठेवला. इंदूरच्या सराफाला राखणदाराऐवजी हलवाई चालला, याचे कारण रात्री घराबाहेर पडणारे गिऱ्हाईक तेथे आधीपासून होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

धुळ्याहून शिरपूर, पळासनेर, सेंधवा, खलघाट या मार्गाने इंदूर अडीचशे किमी.हून थोडे अधिक पडते. दुपारी निघालेल्या प्रवाशाने रात्री दहाच्या आत सराफ्यात जाऊ नये. त्याआधी दोन बाजारांची अदलाबदल चालू असते, दागिन्यांच्या पाट्या अजून उजळलेल्या व कढया थंड असतात. त्यानंतर मात्र चालणेही कठीण होते. कोवळा मका किसून दुधात शिजविलेला भुट्ट्याचा कीस, थंडीत तळून मसाला भुरभुरलेले गराडू (कोनफळासारखा कंद), खोबऱ्याचे पॅटिस, दहीवडे, मालपुवा, रबडी आणि ताटलीएवढा जलेबा हे येथील ठरलेले पदार्थ. शिकंजी या नावाने लिंबाचे सरबत न मिळता दाट, आटविलेल्या दुधाचे पेय मिळते. साबुदाण्याची खिचडी मराठी घरांच्या ओळखीची खरी, पण ती येथे वाफेवर ठेवून वर शेव, लिंबू व मसाला घालून देतात. उपासाचा पदार्थ मध्यरात्री शेव घालून खाताना खानदेशी पाहुणा क्षणभर थबकतो.

हा बाजार परस्परसंमतीवर उभा आहे आणि ती संमती अलीकडे ताणली गेली आहे. वाढती गर्दी, अरुंद गल्लीतील गॅसच्या टाक्या, आगीचे भय आणि पारंपरिक पदार्थांच्या जागी आलेली चायनीज वगैरेंची दुकाने यांविरुद्ध सराफांनी तक्रारी केल्या. केवळ जुन्या पारंपरिक विक्रेत्यांनाच राहू द्यावे, अशी चर्चा २०२५ मध्ये जोरात होती. विक्रेत्यांच्या बाजूने पाहता, पथविक्रेता अधिनियम, २०१४ यात पन्नास वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या नैसर्गिक बाजारांना वारसा-बाजार मानून तेथील विक्रेत्यांना न हलविण्याची तरतूद आहे. ओटा सराफाचा, रस्ता महापालिकेचा आणि सवय हलवायाची, असा हा तिढा आहे. सराफांची भीती खोटी नव्हे; पण ज्या गर्दीने त्यांच्या पेढ्या राखल्या, तिच्यावर त्यांचा काही हक्क नाही, असेही म्हणता येत नाही.

आदेशाने रात्र जागविण्याचा प्रयोगही इंदुरात झाला. २०२२ मध्ये बीआरटीएस मार्गालगतची दुकाने अहोरात्र उघडी ठेवण्यास परवानगी दिली गेली. दारू व गुंडगिरी यांच्या तक्रारींनंतर २०२४ मध्ये ती मागे घेण्यात आली. सराफा त्या काळात नेहमीप्रमाणे चालू होता. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ अन्वये दुकाने चोवीस तास उघडी ठेवता येतात आणि मुंबईत जानेवारी २०२० मध्ये त्यानुसार मॉल व उपाहारगृहांसाठी रात्रजीवनाचे धोरण अमलात आले. धुळे व जळगाव येथील सराफ पेठांवर या कायद्याचा परिणाम जाणवत नाही. खानदेशाची रात्र बसस्थानकासमोरच्या टपऱ्यांवर, महामार्गावरच्या ढाब्यांत शेवभाजीच्या ताटाभोवती आणि थंडीत शेतात काट्याकुट्यांच्या जाळावर वांगी भाजून केलेल्या भरताच्या पंगतीत जागते. पेठेत त्या वेळी राखणदार असतो, आणि पहाटे सराफांच्या दारापुढील माती सोन्याच्या कणांसाठी झाडून नेणारे झारेकरी.