बारा गुंजांचं विमान

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात हिवाळ्यात गुंजेच्या शेंगा उकलतात. लाल बी, टोकाला काळा ठिपका. एकेकाळी सोनार याच बियांनी सोनं तोलत. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. आज मला त्या गुंजांनी एक विमान तोलायचं आहे.

हे विमान रबराच्या पिळावर उडतं. या युक्तीला जुना इतिहास आहे. १८७१ साली पॅरिसच्या त्युलेरी बागेत अल्फोन्स पेनो या तरुणाने असं छोटं विमान अकरा सेकंद उडवून दाखवलं. पुढे स्पर्धा छपराखाली गेल्या, कारण इतक्या नाजूक विमानाला साधी झुळूकही भारी पडते. रुमानियात स्लानिकच्या मिठाच्या खाणीत, जमिनीच्या पोटात, जागतिक स्पर्धा झाल्या. सांगाडा बाल्साचा, हे झाड आपल्या काटेसावरीच्याच कुळातलं. पंखांसाठी पूर्वी पाण्यावर द्रावण ओतून सायीसारखा पापुद्रा धरत.

जो जास्त वेळ तरंगेल तो जिंकेल, एवढाच हिशोब. साहजिकच हलकेपणाची चढाओढ लागली. मग किमान वजन ठरलं. आधी १ ग्रॅम, म्हणजे जवळपास एक मासा, नंतर १.२ आणि पुढे १.४ ग्रॅम, म्हणजे साधारण बारा गुंजा. कागदाचा एक ताव याच्या तिप्पट भरेल! रबरही ०.४ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.

यावर वाद होणारच. एक बाजू म्हणते, हलकं करणं हीच तर कला. तिला ओझं कशाला बांधता? दुसरी म्हणते, अतिहलकं लाकूड सगळ्यांना कुठून मिळणार? नवख्याचं विमान तर पेटीतून काढतानाच मोडायचं.

मला पहिल्या बाजूची हळहळ कळते, पण मत दुसरीला. मी गझल लिहितो. मात्रा ठरलेल्या असतात, म्हणून काही कविता खुजी होत नाही. कुठला शब्द कुठे ठेवायचा याचा कस लागतो. इथेही तसंच. वजनाचा तळ ठरला की एकीकडे वाचवलेला भार जिथे बळ हवं तिथे घालता येतो.

लहानपणी पतंगाची कामटी तासताना अब्बा बजावत, ‘इतकीही पातळ करू नकोस की वाऱ्याने मोडेल.’ त्यांनी ही स्पर्धा कधी पाहिली नव्हती.

उद्या आपल्या भागातल्या शाळांनी अशी स्पर्धा घ्यायची ठरवली, तर बाल्सा बाहेरून विकत आणावा लागेल. बांबू मात्र दारात आहे. तेव्हा किमान वजन असं ठेवा, की बांबूच्या कामट्यांचं, पतंगाच्या कागदाचं विमानही बाल्साच्या बरोबरीने मैदानात उतरेल. बारा गुंजांचा हट्ट नको. तराजू कुणाला बाहेर ठेवण्यासाठी नसतो. सगळ्यांना एका मापाने आत घेण्यासाठी असतो.