मुखकर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरचे जीवन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप (विशेष संदर्भ : यवतमाळ जिल्हा)

प्रस्तावना :

वैद्यकशास्त्राचा इतिहास बहुधा शोधांचा व शल्यविशारदांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यावर रुग्ण पुढील वीस-पंचवीस वर्षे कसा जगला, या प्रश्नास त्यात फारसे स्थान नसते. यवतमाळसारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात, जेथे सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा ही रोजची सवय होऊन बसली आहे, हा प्रश्न टाळता येत नाही.

शस्त्रक्रिया आणि श्रमजीवी शरीर :

अमेरिकन शल्यविशारद जॉर्ज क्राइल यांनी १९०६ मध्ये मानेतील लसिकाग्रंथी समूळ काढण्याची पद्धत मांडली. पुढे गाठ, जबड्याचा भाग व या ग्रंथी एकाच वेळी काढल्या जाऊ लागल्या. दुसऱ्या महायुद्धातील छापामार तुकड्यांची आठवण देणारे 'कमांडो' हे नाव या शस्त्रक्रियेस मिळाले. मुंबईत २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि भारतात कर्करोगावरील शस्त्रक्रियेस संस्थात्मक पाया लाभला.

प्राण वाचत, परंतु मूळ पद्धतीत खांद्याकडे जाणारी मज्जातंतूही कापली जाई. खांदा खाली उतरे आणि हात डोक्यावर नेणे कठीण होई. कार्यालयात बसून काम करणाऱ्यास ही अडचण सोसता येते. पाठीवर फवारणीचा पंप घेणाऱ्या किंवा डोक्यावर कापसाचे गाठोडे वाहणाऱ्या मजुराची मात्र रोजीच जाते. ही मज्जातंतू वाचविणाऱ्या पद्धती नंतर रूढ झाल्या. १९७९ मध्ये स्टीफन एरियन यांनी छातीच्या स्नायूसह त्वचा वर आणून तोंडातील पोकळी भरण्याची रीत प्रसिद्ध केली. तिने चेहऱ्यास आकार दिला, पण पुरुषांच्या तोंडात कधी छातीचे केसही उगवू लागले. किरणोपचाराने लाळ आटते, तोंड पुरेसे उघडत नाही. ज्वारीची भाकरी सुटते व कालवलेला वरण-भात उरतो. पंगतीत बसणे रुग्ण स्वतःच टाळू लागतो. ग्रंथांत या गोष्टीची नोंद क्वचितच सापडते.

२००४ मध्ये शरद पवार यांच्यावर मुखकर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर २०१४ पर्यंत ते केंद्रीय कृषिमंत्री होते. हे उदाहरण धीर देणारे खरे, तथापि ज्यांच्या शेतीचे खाते ते सांभाळत होते, त्या कोरडवाहू शेतकऱ्याला अशी साधने उपलब्ध नव्हती.

राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये यवतमाळसह उर्वरित जिल्ह्यांत पोहोचली व शस्त्रक्रियेच्या खर्चाचा भार काहीसा हलका झाला. वाणी-उपचार, आहार आणि बदललेला रोजगार यांचा भार मुख्यत्वे कुटुंबावरच, त्यातही घरातील स्त्रीवर राहिला.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. स्वरयंत्र काढल्याने आलेले वाणीचे कायम अपंगत्व त्यांत स्पष्टपणे येते. आम्लहल्ल्याने विद्रूप झालेल्या व्यक्तींचाही समावेश आहे. कर्करोगासाठी अर्धा जबडा गमावलेल्याचा मात्र स्वतंत्र उल्लेख नाही. त्यास वाणीदोष किंवा अन्य एखाद्या प्रकाराचा आधार घेऊनच प्रमाणपत्र मागावे लागते.