२७. ‘निमरॉड’

एडवर्ड एल्गार (१८५७–१९३४) या इंग्रज संगीतकाराच्या ‘एनिग्मा व्हेरिएशन्स’ या वाद्यवृंदरचनेतला नववा भाग. पहिला प्रयोग लंडनमध्ये, १९ जून १८९९ रोजी. जवळजवळ प्रत्येक भाग एल्गारच्या परिचयातल्या कुणावर तरी बेतलेला आहे. हा नोव्हेलो या संगीत-प्रकाशनसंस्थेतला त्याचा जिवलग मित्र ऑगस्ट येगर याच्यावर. येगर म्हणजे जर्मनमध्ये शिकारी, आणि निमरॉड हा बायबलमधला नामांकित शिकारी. दोघांच्या बेथोव्हेनविषयीच्या गप्पांतून ही संथ चाल सुचली, असं एल्गारच सांगत असे. म्हणजे मुळात हे शोकसंगीत नव्हेच. आज मात्र नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी, लंडनच्या सेनोटाफ या युद्धस्मारकापाशी दोन मिनिटांची शांतता पाळण्याआधी लष्करी बँड ते वाजवतात, त्यामुळे ब्रिटिश कानांना ते मृतांसाठीच रचल्यासारखं वाटतं. ही टीप ज्या उताऱ्यावर आहे, त्याच्या लेखकाचाही तोच समज दिसतो.

मूळ रचनेची सुरुवात फक्त तंतुवाद्यांवर, अगदी हलक्या आवाजात होते. बँडमध्ये व्हायोलिनं नसतात. तो भार मुख्यतः क्लॅरिनेटांवर येतो आणि खालची बाजू युफोनियम, ट्यूबा सांभाळतात. गज न थांबता फिरवता येतो, फुंकणाऱ्याला मात्र दम घ्यावाच लागतो. म्हणून शेजारी-शेजारी बसलेले वादक आळीपाळीने श्वास घेतात, सूर तुटू देत नाहीत. उताऱ्यातले ‘एकमेकांकडे तिरपं पाहणारे वादक’ हेच करत आहेत.