पी.पी. नंबरापासून ओटीपीपर्यंत



आमच्या गटातल्या एका ताईंना योजनेची ई-केवायसी करायची होती. आधी त्यांच्या आधारचा ओटीपी, मग नवऱ्याच्या आधारचा. दोन्ही ओटीपी एकाच नंबरवर जाणार, आणि तो नंबर मस्कतला गेलेल्या नवऱ्याचा. त्याने तिकडचं सिम घेतलं आणि इकडचं बॅगेच्या खणात टाकलं. वर्षभर रिचार्ज नाही. आम्ही तो नंबर लावून बघितला, तर कुणा भलत्याच माणसाने उचलला! नवरा रोज रात्री व्हिडिओ कॉलवर दिसतो, काय जेवलीस विचारतो, आणि तरी कागदोपत्री त्याला फोन लागत नाही.

तेव्हापासून आम्ही गावातल्या जुन्या बायकांना विचारत सुटलो, तुमचं माणूस परदेशी गेलं तेव्हा तुम्ही त्याला कशा गाठायचात?

आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची माणसं पूर्वीपासून खलाशी म्हणून बोटीवर जायची. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखाती देशांत बांधकामं निघाली, आणि दुबई, कुवेत, मस्कत ही नावं शेजारच्या वाडीच्या नावासारखी तोंडात बसली. मुंबईहून लंडनला थेट नंबर फिरवायची सोय १९७६ सालीच झाली होती, पण ती मुंबईकरांची. आपल्याकडे पोस्टात जाऊन ट्रंक कॉल बुक करायचा आणि ताटकळत बसायचं. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर, त्यात लाइटनिंग साध्याच्या आठपट. म्हणून पत्रं. नाहीतर टू-इन-वनवर बोलून कॅसेट भरायची आणि सुट्टी संपवून परत निघालेल्याच्या हाती द्यायची. एका आजींच्या कॅसेटमध्ये कोंबड्याचं आरवणंही गेलं होतं. पहाटे घर निजलेलं असताना बोलत होत्या ना! सासूसमोर काय बोलणार?

मग फोन गावात आला, पण घरात नाही. १९८४ साली सरकारने सी-डॉट ही संस्था काढली, तिने खेड्यांना चालतील अशी छोटी एक्स्चेंज बनवली, आणि एसटीडी-आयएसडी-पीसीओचे पिवळे बूथ नाक्यानाक्यावर दिसू लागले. ज्याच्या घरी फोन त्याचा नंबर सगळ्या आळीचा. पत्रावर, लग्नपत्रिकेवर त्या नंबरापुढे ‘पी.पी.’ लिहायचं, म्हणजे फोन शेजाऱ्याचा, निरोप आमचा. तिकडून फोन आला की पोरगं धावत बोलवायला यायचं आणि बाई पदराला हात पुसत पळायची. आखातातला माणूस तिकडे एकेका मिनिटाचे पैसे मोजत असायचा. त्यात शेजारचं सगळं घर ऐकत बसलेलं. ‘बरी आहे, पैसे मिळाले’ एवढंच बोलून झालं की फोन खाली. आपण उलट फोन करायचा, तर बूथमधला लाल आकडा डोळ्यांसमोर पळायचा. आमच्या मते त्या काळात फोन हा एका बाजूचाच होता. त्याने करायचा आणि हिने वाट बघायची.

वाट बघणं काय असतं ते १९९० साली कळलं. २ ऑगस्टला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि तिथून बाहेर फोन लागेनासा झाला. पत्र नाही, तार नाही. आपली माणसं बसने, ट्रकने इराक ओलांडून जॉर्डनमधल्या अम्मानला पोचली आणि तिथून विमानांनी मुंबईला आली. सुमारे १ लाख ७० हजार भारतीय असे परत आणले गेले. आमच्या वाडीतल्या एका काकूंचा नवरा त्यांत होता. सहा आठवडे काकूंनी मंगळसूत्र मुठीत धरून काढले. शेवटी पी.पी. नंबरावर मुंबईहून फोन आला, तेव्हा त्या धावल्याच नाहीत. पायातलं बळच गेलं होतं. शेजाऱ्याने रिसिव्हर खाली ठेवू दिला नाही, दोघींनी काकूंना धरून नेलं.

पुढचं आपण सगळ्यांनी बघितलंय. १९९५ ला देशात मोबाइल आला. पण आलेल्या फोनचेही पैसे कापले जात. २००३ पासून ते बंद झाले आणि मोबाइल गरिबाच्या हातात आला. ‘मिस्ड कॉल दे, मी लावतो’ हा मार्ग आपणच शोधला. २०१५ मध्ये व्हॉट्सॲपवरून बोलता येऊ लागलं आणि पहिल्यांदा बाईला मनात आलं तेव्हा फोन लावता आला. अर्थात दुबईकडे व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही, तिथे बोटिमसारखं वेगळं ॲप घ्यावं लागतं.

पण बोलणं स्वस्त झालं तेव्हाच नंबराचं काम बदललं. बँक, आधार, गॅस सगळं त्याला बांधलं गेलं. २०१३ चा नियम असा, की प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात निदान २० रुपये असतील तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात. बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्याला जातो. जाणाऱ्याने इकडचं सिम चालू ठेवलं, निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू केलं, तर तिकडे बसून ओटीपी बघता येतो. इथल्या बाईने त्या नंबरावर वेळेत रिचार्ज टाकायचा. विमानाच्या तिकिटापुढे हा खर्च काहीच नाही.

आता आमची चूक सांगतो. त्या ताईंच्या आधारला नवऱ्याचा नंबर लागला तो आमच्यामुळे. गट सुरू झाला तेव्हा अर्ज आम्हीच भरले, ‘तुमचा फोन नाही ना, मग यांचाच लिहू’ म्हणत. अशा किती जणींचे लिहिले, मोजायची हिंमत होत नव्हती. ताईंचा नंबर केंद्रावर बोटांचे ठसे देऊन बदलला. नवऱ्याचा मात्र तो समोर आल्याशिवाय बदलेना. तो मेमध्ये आंब्याच्या दिवसांत येईल, तोवर केवायसी अडकली.

गटाच्या रजिस्टरात आम्ही आता नवा रकाना आखलाय, ‘नंबर कुणाचा?’ असा. तेरापैकी नऊ जणींनी स्वतःचा लिहिला. उरलेल्या चौघींपैकी दोघींचे नवरे कतारला आहेत. गुरुवारी त्यांना घेऊन आम्ही आधार केंद्रावर जाणार आहोत.