बटणं अनेक, मॅक्रो एक: ‘कॉलर’ची कुळकथा

हळदीच्या हंगामात हिंगोली-वसमतच्या बाजारात उद्या किती ढीग लागतील, हे आज कुणी सांगू शकत नाही. त्यामुळे आवकेचा तक्ता एक्सेलमध्ये ठेवणाऱ्याला प्रत्येक ओळीपुढचं ‘हिशेबपट्टी काढा’ हे बटण आधीच आखून ठेवता येत नाही. ओळ भरली की मॅक्रोनेच ते उभं करायचं. बटण उभं करणं सोपं. त्यातलं नेमकं कुठलं दाबलं, हे मॅक्रोला कळणं हा खरा पेच.

यावर आज बहुतेक जाणकार क्लास मॉड्यूलमधल्या ‘विथइव्हेंट्स’कडे बोट दाखवतात. त्याचं रूढ कूळ असं: १९९१च्या व्हिज्युअल बेसिकमध्ये ‘कंट्रोल ॲरे’ होता. अनेक बटणांना एकच नाव, एकच प्रोसीजर, आणि दाबलेल्या बटणाचा क्रमांक आपसूक हाती. १९९३ला एक्सेल ५मध्ये व्हीबीए आलं. एक्सेल ९७मध्ये युजरफॉर्म आला, पण कंट्रोल ॲरे आला नाही. ती उणीव विथइव्हेंट्सने भरून काढली, म्हणून तोच वारस.

मला हे पटत नाही. जागा भरली म्हणून वारसा मिळत नाही. कंट्रोल ॲरेत ऐकणारा एकच असतो आणि तो विचारतो, ‘कोण बोललं?’ विथइव्हेंट्समध्ये प्रत्येक बटणामागे क्लासचा वेगळा ऑब्जेक्ट उभा असतो. ते सगळे ऑब्जेक्ट मॉड्यूल पातळीवरच्या कलेक्शनमध्ये जपले नाहीत, तर प्रोसीजर संपताच नाहीसे होतात आणि बटणं मुकी होतात. ही घडणच निराळी.

‘कोण बोललं?’ विचारणारा खरा भाऊबंद एक्सेलच्या घरातच आहे: ‘ॲप्लिकेशन.कॉलर’. आणि तो व्हीबीएहून जुना आहे. व्हीबीएच्या आधीच्या मॅक्रो शीटवर ‘कॉलर’ नावाचं फंक्शन होतंच. नाव सारखं हा योगायोग म्हणाल, तर स्वभाव पाहा. जुनं कॉलर सेलमधल्या फंक्शनमधून विचारलं तर सेलचा संदर्भ द्यायचं, चित्रावर किंवा बटणावर क्लिक केल्यावर विचारलं तर त्या वस्तूची ओळख मजकुरात द्यायचं. आजचं ॲप्लिकेशन.कॉलर हेच करतं: इकडे रेंज, तिकडे बटणाचं नाव. असा दुहेरी स्वभाव कुणी दोनदा नव्याने रचत नाही. तो वारशानेच येतो.

युजरफॉर्मला कंट्रोल ॲरे का मिळाला नाही? माझा कयास असा की, ती फॉर्मची लायब्ररी एकट्या एक्सेलसाठी नव्हती, वर्ड-पॉवरपॉइंटसाठीही होती. व्हिज्युअल बेसिकची घरगुती सोय तिथे बसली नाही. विथइव्हेंट्सने पकडलेल्या टेक्स्टबॉक्सला ‘एंटर’ आणि ‘एक्झिट’ हे इव्हेंट मिळत नाहीत, कारण ते कंट्रोलचे नसून त्याला सांभाळणाऱ्या फॉर्मचे असतात. घर आणि भाडेकरू वेगळे असल्याची ही खूण.

शीटवर विथइव्हेंट्स आणि कॉलर यांतला फरक लगेच जाणवतो. विथइव्हेंट्ससाठी चालू मॅक्रोने शीटवर ॲक्टिव्हएक्स बटण घातलं की व्हीबीएचे व्हेरिएबल पुसले जाऊ शकतात, आणि त्यांच्यासोबत जपलेलं कलेक्शनही. मग जोडणी ‘ऑनटाइम’ने मागाहून करावी लागते. कॉलर ज्याला ओळखतो त्या शीटवरच्या साध्या ‘फॉर्म्स’ बटणाला ही भानगड नाही. ‘ऑनॲक्शन’मध्ये सगळ्यांना एकच मॅक्रो द्या, कॉलरने नाव घ्या, त्या बटणाच्या ‘टॉपलेफ्टसेल’वरून ओळ काढा, त्या ढिगाची पट्टी तयार.

म्हणून युजरफॉर्मवर विथइव्हेंट्स खुशाल वापरा, तिथे त्याला सोपा पर्याय नाही. शीटवर मात्र क्लास मॉड्यूल लिहायला बसण्याआधी कॉलरला विचारून पाहा.