दुभाष्यांच्या घरातली

ओक्लाहोमातल्या एका विद्यापीठाच्या जनसंपर्क कार्यालयात मी बरीच वर्षं काढली. माझ्या समोरच्या टेबलावर बसायची ती रंगाने काळी, आणि ओळख सांगायची मस्कोगी क्रीक या मूळनिवासी राष्ट्राची म्हणून. नवखा माणूस गोंधळायचा. ती म्हणायची, "वेळ आहे ना? मग बस."

खरी गोष्ट ऐकावी ती तिच्या आजीकडून. रविवारी चर्चहून आल्यावर आजी जेवायला घालायची. भेंडी, चवळी, मक्याचा पाव, आणि सोफ्की. भरडलेला मका राखेच्या पाण्यात तासन्‌तास रटरटवून केलेली ही पेज, ठेवली की आंबते. पहिल्याच घोटाला मला आमच्या माणदेशातली आंबील आठवली. मी आणखी मागून घेतली आणि तेव्हापासून आजीचा माझ्यावर जीव.

वाढता वाढता ती सांगायची. १८३६ साली क्रीक लोकांना अलाबामातून हाकललं, तेव्हा त्यांच्यातल्या सधनांचे काळे गुलामही पायपीट करत इकडे आले. हे पुस्तकातही सापडतं. आजीचा सवाल वेगळा असायचा: "अगं, पण गोऱ्यांशी बोलायला कोण होतं? आमचीच माणसं!" त्यांना क्रीक यायची, इंग्रजीही यायची. काऊ टॉम असाच एक, यार्गी नावाच्या पुढाऱ्याचा गुलाम आणि दुभाष्या. यादवी युद्धानंतर अमेरिकी सरकारशी १८६६चा करार झाला, तेव्हाही हॅरी आयलंड हा काळा दुभाष्या मध्ये होता. त्या करारात मुक्त झालेल्या गुलामांना, त्यांच्या लेकरांनाही, क्रीक राष्ट्रात बरोबरीचे हक्क मिळाले. हा हॅरी आजीच्या सांगण्यात कधी तिच्या पणजीचा मामा असायचा, कधी नुसता शेजारी. पुरावा मागायची कुणाची छाती!

पुढे जमिनी वाटायला अमेरिकी सरकारच्या डॉझ आयोगाचे कारकून याद्या करायला बसले. ज्याच्या तोंडावर काळेपण दिसलं, तो 'फ्रीडमेन'च्या, म्हणजे मुक्त गुलामांच्या, यादीत गेला, मग त्याच्या घरात क्रीक आजी का असेना. बाकीचे 'रक्ताच्या' यादीत. जमीन मात्र दोघांनाही १६० एकर. सारा रेक्टर नावाच्या पोरीच्या वाट्याला आलेल्या तुकड्यात १९१३ साली तेल लागलं, आणि अकरा वर्षांच्या त्या पोरीला म्हणे साता समुद्रापलीकडून लग्नाच्या मागण्या आल्या. इथे आजी पदराने, म्हणजे ॲप्रनने, डोळे पुसत हसायची.

१९७९च्या घटनेत क्रीक राष्ट्राने 'रक्ताच्या' यादीतल्यांचेच वंशज नागरिक धरले. आजी बाहेर, नातही बाहेर. आणि हीच नात आमच्याकडे प्रेसनोट निघायच्या आधी एकेका विद्यार्थ्याला फोन लावायची: "तुझं राष्ट्र कोणतं? ते कसं छापू?" नुसतं 'नेटिव अमेरिकन' लिहून तिचं भागायचं नाही. चोक्टॉ, सेमिनोल, युची, नेमकं नाव हवं. पदवीदानाच्या फोटोखालच्या ओळी त्यापायी रखडायच्या, वरचे साहेब वैतागायचे. मीही सुरुवातीला वैतागले असेन, आता नीट आठवत नाही. एकदा माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर तिलाच उभं करायची टूम निघाली. तिने शांतपणे विचारलं, "कुठल्या अर्ध्याचा फोटो हवाय?" मुखपृष्ठावर शेवटी ग्रंथालयाची इमारत आली.

हे काम सोडून जास्त पगाराचं दुसरं धर, असं मी तिला सुचवलं होतं. ती म्हणाली, आमच्यात दोन बाजूंच्या मध्ये उभं राहून बोलायची चाल आहे, आणि त्याचे पैसे कधीच बरे मिळाले नाहीत.

२०२५च्या जुलैत मस्कोगी राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६६चा करार मानला, आणि फ्रीडमेनच्या वंशजांनाही नागरिकत्वाचा हक्क असल्याचा निकाल दिला. आजी तोवर गेलेली. मी नातीला फोन केला तर बाई कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात होत्या. दोन मिनिटं निकालावर बोलली. मग तिची लेक सोफ्कीत साखर घालून खाते, ही तक्रार सुरू झाली आणि ती काही संपेना.